बाथरूमचं ठरलेलं काम सुरू होण्याआधी बदलायचंय? नाशिकमधल्या तीन प्रकारच्या सेवांचा लेखाजोखा

कोटेशन हातात आलं, इसार दिला, मिस्त्री दहा-पंधरा दिवसांनी येणार. याच मधल्या दिवसांत घरात चर्चा रंगते. टाइल्स सात फुटांपर्यंत कशाला, थेट स्लॅबपर्यंत घेऊ. जमिनीवरचा कमोड नको, भिंतीला टांगलेला हवा. गिझर दारामागे सरकवू. आजीसाठी धरायला दांडा बसवू. बहुतेक सूचना रास्त असतात. प्रश्न एवढाच असतो, की ठरलेलं काम असं बदलायला गेलं तर समोरचा माणूस ते कसं हाताळतो आणि शेवटच्या बिलात काय निघतं.

नाशिकमध्ये हे काम करणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. मजुरीवर काम करणारा मिस्त्री, ज्याला माल तुम्ही आणून द्यायचा. मटेरियलसह काम अंगावर घेणारा ठेकेदार. आणि टाइल्स-सॅनिटरीच्या शोरूमचं किंवा इंटिरियरवाल्यांचं पॅकेज. कारागिरीत या तिघांत फार डावं-उजवं करता येत नाही. फरशी बसवणारे हात बऱ्याचदा तेच असतात, फक्त वरचं नाव बदलतं. हा लेखाजोखा एकाच मुद्द्यापुरता आहे: काम सुरू व्हायच्या आधी बदल सांगितला तर सेवा कशी मिळते.

आमचं मत आधीच सांगतो. बदल ऐकून घेण्यात मिस्त्री सगळ्यांत पुढे, पण ते कागदावर ठेवण्यात सगळ्यांत मागे. शोरूमचं पॅकेज महाग आणि ताठर, पण हिशेब समोर असतो. मटेरियलसह काम घेणारा मध्यम ठेकेदार सगळ्यांत उत्तम ठरू शकतो, एका अटीवर: त्याच्या सुधारित कोटेशनमध्ये ‘वाढ’ जशी लिहिलेली असते तशी ‘वजा’ही लिहिलेली हवी. नाशिकमधल्या या सेवेचं खरं दुखणं तिथेच आहे. वाढलेलं काम लगेच लिहिलं जातं, रद्द झालेलं काम मात्र कागदावरून उतरत नाही.

वजा कुठे हरवते

समजा, मूळ कोटेशनमध्ये जमिनीवरचा कमोड होता आणि तुम्ही टांगलेला सांगितला. ठेकेदार म्हणतो, “वॉल-हंगचे एवढे एक्स्ट्रा पडतील.” हा आकडा कुठून आला ते विचारा. नुसत्या भांड्याच्या किमतीतला फरक सांगत असेल तर हिशेब अपुरा आहे आणि पुढे तो दोघांनाही त्रास देईल. या एका बदलात काय काय हलतं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

आधी वजा. जमिनीवरचा कमोड, त्याची टाकी, टाकीला पाणी देणारा अँगल कॉक आणि जोडनळी, आणि तो बसवायची मजुरी. आता वाढ. भिंतीत बसणारी टाकी तिच्या लोखंडी चौकटीसह, फ्लश प्लेट, टांगायचं भांडं, चौकट झाकायला साधारण चार फूट उंचीचं विटांचं बांधकाम, त्यावर प्लास्टर, त्या वाढीव पृष्ठभागाच्या टाइल्स, माथ्यावर ग्रॅनाइटची पट्टी, टाकीसाठी नव्या जागी पाण्याचा पॉइंट, आणि मैलापाण्याचा ११० मिलिमीटरचा पाइप जमिनीतून उचलून भिंतीतून घेणं. शिवाय बाथरूमची पाच-सहा इंच जागा जाते. आठ बाय पाचच्या बाथरूममध्ये ती कुठून जाते, दारासमोरून की अंघोळीच्या जागेतून, हे कागदावर चौकोन काढून बघितलं पाहिजे. चार इंची भिंतीत खाच पाडून टाकी बसवू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ती भिंत पोकळ होते आणि पलीकडच्या खोलीत ओल येते. आणि भांडं एका दुकानातून, चौकट दुसरीकडून घेणार असाल तर दोन बोल्टांमधलं अंतर जुळतंय का ते बघा. ते बहुतेक १८० मिलिमीटर असतं, काहींचं २३० असतं, आणि न जुळणारी जोडी साइटवर बसतच नाही.

आता ही यादी सुधारित कोटेशनमध्ये कशी उतरते ते बघा. शोरूमवाला संगणकातून नवं कोटेशन काढतो, त्यात जुना कमोड आपोआप निघून जातो, म्हणून तिथे वजा हरवत नाही. मात्र बांधकाम आणि पाइप हलवणं बऱ्याचदा ‘साइटप्रमाणे’ म्हणून मोकळं ठेवलेलं असतं. मिस्त्री बांधकाम, पाइप सगळं तोंडी अचूक सांगतो, कारण त्याला ते करायचं असतं, पण रक्कम ठोक सांगतो. ठेकेदाराकडे दोन्ही शक्य असतं. ज्याच्या कोटेशनला आयटम क्रमांक आहेत तो ‘आयटम ६ रद्द’ असं लिहू शकतो. ज्याचं कोटेशन म्हणजे ‘बाथरूम पूर्ण, मटेरियलसह, लमसम’ अशी एक ओळ आहे, त्याच्याकडे वजा करायला आयटमच नसतो. म्हणून असं लमसम, म्हणजे ठोक रकमेचं, कोटेशन घेताना दर आधी मान्य झाला तरी आयटमची फोड मागून घ्यावी. नंतर बदल करायची वेळ आली तर तिचाच आधार असतो.

ठेकेदाराच्या बाजूनंही हे पाहायला हवं. काम एक तृतीयांशानं कमी झालं म्हणून त्याचा खर्च एक तृतीयांशानं कमी होत नाही. टेम्पो पंधरा खोक्यांसाठी एकदा येतो आणि वीस खोक्यांसाठीही एकदाच येतो. बिगारी अर्ध्या दिवसासाठी मिळत नाही. त्यामुळे मजुरीचा काही भाग तो वजा करणार नाही म्हणाला तर ते गैर नाही. पण न आलेल्या मालाची किंमत मात्र कोटेशनमध्ये लावली होती तेवढीच उतरली पाहिजे. लावताना छापील किंमत आणि वजा करताना खरेदीची किंमत, हा फरक आमच्या मते मान्य करू नये. एका आयटमला जाताना आणि येताना दर एकच हवा.

टाइल्स: सगळ्यांत जास्त होणारा बदल

उंची वाढवणं हा सोपा वाटणारा बदल आहे, आणि वेळेत सांगितला तर खरंच सोपा आहे. आठ बाय पाच फुटांच्या बाथरूमचा घेर २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल्स म्हणजे १८२ स्क्वेअर फूट, त्यातून अडीच बाय सातचं दार वजा, राहिले १६४.५. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या पाच टाइल्सच्या खोक्यात ९.६९ स्क्वेअर फूट माल बसतो. दहा टक्के तुकड्यांत जातं असं धरलं तर १९ खोकी लागतात. उंची नऊ फूट केली तर वाढ २६ गुणिले २, म्हणजे ५२ स्क्वेअर फूट, कारण दाराच्या वर सलग भिंत आहे. तुकड्यांसह ५७, म्हणजे आणखी ६ खोकी. ठेकेदार आठ किंवा दहा खोकी म्हणाला तर माप पुन्हा घ्यायला लावा. चार म्हणाला तरीही घ्यायला लावा, कारण कमी पडलेली दोन खोकी नंतर त्याच बॅचची मिळतील याची खात्री नसते. खोक्याच्या बाजूला बॅच आणि शेड छापलेली असते. गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल कारखान्यांतून आलेल्या पुढच्या लॉटमध्ये तोच डिझाइन नंबर असूनही छटा वेगळी असू शकते, आणि पांढऱ्या-राखाडी टाइलवर ती लांबूनही दिसते. वाढीव खोकी मागवताना पहिल्या खोक्याचा फोटो काढून दुकानात पाठवावा.

एक बारीक गोष्ट चांगला मिस्त्री स्वतःहून विचारतो. टाइल्स आडव्या लावल्या तर ३०० मिलिमीटरच्या नऊ ओळी म्हणजे २७०० मिलिमीटर, सांधे धरून २७१८ च्या आसपास. नऊ फूट म्हणजे २७४३. वर जेमतेम इंचभराची पट्टी उरते, ती स्लॅबखाली कापून बसवली की कायम डोळ्यांत खुपते. उपाय दोन: ती पट्टी प्लास्टर-रंगात सोडायची, किंवा सगळ्यांत खालची ओळ थोडी कापून सुरुवात करायची आणि पट्टीचा हिशेब दोन्हीकडे वाटून घ्यायचा. दुसरा उपाय पहिली ओळ लावायच्या आधीच ठरतो. म्हणून ‘उंची नंतर बघू’ हे उत्तर चुकीचं आहे. उंची आधी ठरते, मग पहिली ओळ लागते.

आकार बदलणं हे मात्र वेगळंच काम आहे. ३०० बाय ६०० ची सिरॅमिक टाइल सोडून ६०० बाय १२०० ची व्हिट्रिफाइड घ्यायची ठरली तर शोरूममध्ये फक्त स्क्वेअर फुटाच्या दरातला फरक सांगितला जातो. प्रत्यक्षात चार गोष्टी वाढतात. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून सिमेंटच्या लगद्यावर धरते. व्हिट्रिफाइड जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतंच. वीस किलोची बॅग साधारण ४० ते ५० स्क्वेअर फुटांना पुरते, म्हणजे या भिंतींना चार बॅगा. दुसरं, मोठी टाइल वाकत नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर आधी प्लास्टर सरळ करावं लागतं, आणि जुन्या घरात ते लागतंच. तिसरं, एक टाइल चौदा-पंधरा किलोची असते, ती लावायला दोन माणसं लागतात, म्हणून मजुरीचा दर वेगळा. चौथं, कोपऱ्यात आणि नळांभोवती तुकडे जास्त जातात, दहाऐवजी पंधरा टक्के धरावे. वरच्याच १६४.५ स्क्वेअर फुटांना १५.५ स्क्वेअर फुटांची १३ खोकी. आणि जिना चढवायची हमाली मजल्याप्रमाणे असते, ती कोटेशनमध्ये कुणाच्या अंगावर आहे ते बघा. या चारांपैकी अ‍ॅडहेसिव्ह आणि प्लास्टर ज्या सुधारित कोटेशनमध्ये नाही, त्यात पुढे ‘एक्स्ट्रा’ येणार हे धरून चाला. वाईट शक्यता अशी, की एक्स्ट्रा येणार नाही आणि टाइल सिमेंटवरच चिकटवली जाईल. मग वर्षा-दोन वर्षांत ती पोकळ वाजायला लागते.

दुकानात परत करायचा प्रश्नही इथेच येतो. टाइल्स आधीच घेऊन झाल्या असतील तर न उघडलेली खोकी परत घेतात का, किती दिवसांत, किती कापून, हे खरेदीच्या वेळी पक्क्या बिलावर लिहून घ्यावं. ठेकेदारानं स्वतःच्या नावावर माल उचलला असेल तर परतीची रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. ती तुमच्या बिलात वजा दिसली पाहिजे. इथेही तोच ‘वजा’चा रकाना.

ज्या बदलाला ‘नको’ म्हणणारा मिस्त्री चांगला

तोडफोड टाळण्यासाठी ‘जुन्या टाइल्सवरच नव्या लावू’ असा बदल शेवटच्या आठवड्यात बरेच जण सांगतात. राडारोडा वाचतो, सोसायटीची कटकट वाचते, दोन-तीन दिवस वाचतात. ठेकेदार सहसा आनंदानं हो म्हणतो. पण खालच्या फ्लॅटमध्ये ओल असेल तर हे काम घेऊच नये. गळती जुन्या टाइलच्या खाली असते, बाथरूमखालच्या खोलगट (सनकन) भागातल्या भरावात किंवा पाणी जायच्या जाळीखालच्या न्हाणी ट्रॅपच्या सांध्यात. वरून टाइल चढवली की ती झाकली जाते, थांबत नाही. गळती नसली तरी जमीन बारा ते पंधरा मिलिमीटरनं वर येते. दार खालून तासावं लागतं, उंबऱ्याची उंची तेवढी कमी होते आणि ट्रॅपची जाळी उचलून नव्या पातळीला आणावी लागते. या बदलात तोडफोड, राडारोडा वाहतूक आणि वॉटरप्रूफिंग हे तीन आयटम पूर्णपणे रद्द होतात, म्हणजे वजा भरघोस असायला हवी. तिन्ही प्रकारच्या सेवांमध्ये नेमकी इथेच वजा सगळ्यांत तुटपुंजी दिसते.

उलट, वॉटरप्रूफिंग वाचवून ते पैसे नळांत घालायचा बदल कुणी सुचवला तर जो मिस्त्री हटकून नको म्हणतो, त्याला काम द्यावं. दोन हात कोटिंग, भिंतीवर किमान एक फूट चढवलेलं, अंघोळीच्या बाजूला त्याहून उंच, आणि मग ४८ तास पाणी साठवून खालच्या घरात जाऊन पाहणी, तोडफोड होणार असेल तेव्हा हा आयटम कुठल्याही बदलात हलवू नये.

बैठकीचं इंडियन भांडं काढून कमोड हा बदल घरातल्या ज्येष्ठांसाठी होतो आणि तो जरूर करावा, फक्त माप नीट घ्यावं. जमिनीत आउटलेट असेल तर एस ट्रॅपचा कमोड, भिंतीत असेल तर पी ट्रॅपचा. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर १००, २२५ किंवा ३०० मिलिमीटर असं मॉडेलप्रमाणे असतं. हे अंतर तयार भिंतीपासून मोजायचं, म्हणजे प्लास्टर आणि टाइल धरून. उघड्या विटेपासून बारा इंच मोजलं आणि वर प्लास्टर-टाइल चढली की अकरा उरतात, आणि ३०० चा कमोड भिंतीला अडतो. आउटलेट दुसऱ्या भिंतीकडे सरकवायचं असेल तर ११० मिलिमीटरच्या पाइपला दर चार फुटांना एक इंच उतार हवा. जमिनीखाली तेवढी खोली आहे का, हे तोडफोडीआधी कळत नाही. त्यामुळे या बदलाचा पक्का दर कुणी आधीच देत असेल, तर ‘खोली न मिळाल्यास काय’ हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.

शॉवर आणि गिझर

मोठा रेन शॉवर हा शोरूममध्ये फिरताना होणारा बदल. रो-हाउसमध्ये टाकी गच्चीवर आणि बाथरूम लगेच खाली असेल तर उंचीचा फरक दहा फूट, म्हणजे तीन मीटर, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. शॉवरच्या खोक्यातल्या कार्डावर किमान दाब छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय ऑर्डर बदलू नये. दाब कमी असेल तर प्रेशर पंप लागतो, त्याला वीज लागते, आणि तो दोन्ही लाइनींवर नसेल तर आणखी एक गोची होते. नाशिकमध्ये बऱ्याच घरांवर सोलर वॉटर हीटर आहे. गार पाणी पंपाच्या दाबानं आणि गरम पाणी नुसत्या उतारानं आलं, तर मिक्सरमध्ये गार पाणी गरमाला मागे ढकलतं आणि अंघोळ कोमटच होते. हे विचारणारा प्लंबर क्वचित भेटतो. जो विचारतो त्याची मजुरी थोडी जास्त असली तरी द्यावी.

डायव्हर्टरचं, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या भिंतीतल्या कॉकचं, एक पक्कं लक्षात ठेवा. भिंतीत जाणारी बॉडी आणि बाहेर दिसणारी प्लेट एकाच कंपनीची, एकाच मालिकेची लागते. झिरी मारून बॉडी बसली की दोन वाटांचा डायव्हर्टर तीन वाटांचा करता येत नाही, भिंत पुन्हा फोडावी लागते. खोकं न उघडता बदल सांगितला तर फक्त किमतीतला फरक. काळ्या मॅट नळांचा बदल करणार असाल तर घरात बोअरचं पाणी येतं का ते आधी बघा. जड पाण्याचे पांढरे डाग क्रोमवर पुसून जातात, काळ्यावर आठवड्यात दिसायला लागतात.

गिझर हलवणं म्हणजे कोटेशनमध्ये ‘पॉइंट शिफ्टिंग’ अशी एक ओळ असते. त्यात वायर कुठून कुठपर्यंत, हे लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा ती जवळच्या बोर्डापासून धरलेली असते. तीन किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरला तेरा अँपिअर लागतात. जुन्या घरातली बारीक वायर त्याला पुरत नाही, मुख्य डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) चार स्क्वेअर मिलिमीटरची स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. वायर किती मीटर ते मोजून लिहून घ्या.

पैसे, तारीख आणि कागद

बदल स्वस्त कधीपर्यंत असतो, याचं उत्तर मालावर अवलंबून आहे. टाइल्स मागवण्याआधी सगळंच मोकळं असतं. ग्रॅनाइटची चौकट किंवा कट्टा कापला की तो परत जात नाही. अंघोळीच्या काचेचं माप टाइल्स लागल्यावरच घ्यायचं असतं, कारण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. त्यामुळे काम सुरू होण्याआधी काचेची ऑर्डर दिली म्हणून कुणी पैसे कापत असेल, तर ती चूक त्याची आहे. मजुरांची तारीख हा चौथा भाग. काम चार दिवस वाढलं आणि पुढे दिवाळी किंवा होळी असेल तर गावी जाणारी टोळी मध्येच जाते आणि बाथरूम उघडं राहतं. म्हणून बदलाच्या कागदावर नवी रक्कम जितकी महत्त्वाची तितकीच काम संपायची नवी तारीख.

इसार एकदम मोठा देऊ नये. नोंदणीपुरती थोडी रक्कम, माल आला की मालाची, वॉटरप्रूफिंगची पाणी-चाचणी झाली की पुढची, आणि शेवटचा हप्ता जाळी, सांधे, सिलिकॉन सगळं झाल्यावर. ठेकेदार जीएसटी नोंदणीकृत असेल तर आगाऊ रकमेचं रिसीट व्हाउचर त्यानं द्यायचं असतं, आणि काम न होता ती रक्कम परत केली तर रिफंड व्हाउचर. मिस्त्रीकडे हे नसतं, तिथे तारीख आणि सही असलेली साधी पोचपावती घ्यावी.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीनं करार बदलला की जुन्या अटी पाळायची गरज उरत नाही. म्हणजे ठेकेदाराची संमती नसेल तर तुमचा बदल एकतर्फी, आणि त्यानं न विचारता वस्तू बदलली तर तोही एकतर्फी. वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: ठरलं होतं ते दाखवा.

ठरलेलं दाखवायचं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोखाली आलेला ‘ओके’ पुरत नाही. “होऊन जाईल भाऊ, टेन्शन घेऊ नका” हे मनापासून म्हटलेलं असतं, पण त्याला रक्कम नसते. मेसेज असा असावा:

“नमस्कार भाऊ. १२ तारखेच्या कोटेशनमध्ये काम सुरू होण्याआधी हे बदल. १) भिंतीच्या टाइल्स ७ ऐवजी ९ फुटांपर्यंत, वाढ ५२ स्क्वेअर फूट, त्याच बॅचची ६ खोकी, दर आयटम ३ चाच. २) आयटम ६ जमिनीवरचा कमोड रद्द, माल आणि मजुरी वजा. ३) त्याऐवजी टांगलेला कमोड, चौकट, बांधकाम, ग्रॅनाइट पट्टी आणि पाइप बदलासह, रक्कम आयटमप्रमाणे लिहा. ४) गिझर दारामागच्या भिंतीवर, डीबीपासून नवी वायर, मीटर लिहा. वाढ किती, वजा किती, नवीन एकूण आणि काम संपायची तारीख पाठवा. तुमचं उत्तर येऊन मी ‘मान्य’ लिहिल्याशिवाय माल आणू नये.”

या मेसेजला जे उत्तर येतं त्यातच सेवेची पारख होते. शोरूमकडून एक-दोन दिवसांत नवं कोटेशन येतं, कधी बदल-शुल्कासह. ते मूळ अटींत लिहिलं होतं का ते बघा, नसेल तर नाकारा. चांगला ठेकेदार चार ओळींत चार आकडे पाठवतो आणि पाचव्या ओळीत स्वतःची शंका विचारतो. मिस्त्री फोन करतो. त्यात काही वाईट नाही, त्याचं बोलणं ऐकून तुम्हीच आकडे लिहा, त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या नंबरवर पाठवून ‘बरोबर’ एवढं लिहून घ्या. असं लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला दिलेला इसार तेवढ्यावरच परत मागावा. तोडफोड झाल्यावर ती संधी राहत नाही.

कोणी कुणाला घ्यावं? एकच बाथरूम, बदल थोडे आणि घरात रोज साइटवर थांबणारं माणूस असेल तर मजुरीवरचा मिस्त्री. दोन बाथरूम, पाइप हलणार, घरचे सगळे कामाला जाणारे असतील तर आयटमनिहाय कोटेशन देणारा ठेकेदार. ज्यांचं मन शेवटपर्यंत बदलत राहणार हे त्यांनाच ठाऊक आहे, त्यांनी शोरूमचं पॅकेज घ्यावं. तिथे प्रत्येक बदलाचा नवा कागद निघतो आणि त्यासाठीच जास्त पैसे मोजलेले असतात.

पहिल्या दिवशी सकाळी हातोडा लागण्याआधी सुधारित कागद घेऊन मिस्त्रीबरोबर बाथरूममध्ये वीस मिनिटं उभं राहा. भिंतीवर जाड मार्करनं खुणा करा: टाइल्स कुठपर्यंत, शॉवर किती उंचीवर, डायव्हर्टरचा मध्य, कमोडचा मध्य, गिझरचा पॉइंट, दांडा कुठे. काढायच्या गोष्टींवर फुली. मग प्रत्येक खुणेचा फोटो, त्यात टेप लावलेली दिसली पाहिजे. दांड्याची खूण सगळ्यांत आधी करा, कारण तिथे भिंतीत भरीव वीट लागते आणि प्लास्टर झाल्यावर ती घालता येत नाही.